नवऱ्याने सोडलेली बहीण दोन मुलं घेऊन इंदूरला माहेरी आलीय, तिला सरकारी मदत कशी मिळेल?

सगळ्यात आधी तिची समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, बघा. नाव अजून सासरच्या कुटुंबातच असेल, तर अर्ज तिथेच अडकतो. नगर निगमच्या झोन ऑफिसात जाऊन तिचं आणि मुलांचं वेगळं कुटुंब करून घ्या. ८ आकडी नवा कुटुंब क्रमांक मिळेल. तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. तिथे नवऱ्याबद्दल नको ते प्रश्न होतात हो.

मग महिला-बाल विकास विभागाच्या जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या केंद्राच्या योजनेतल्या स्पॉन्सरशिपचा, म्हणजे मुलांच्या खर्चासाठीच्या मासिक मदतीचा, अर्ज करा. मंजूर झाल्यास दर मुलामागे महिना ४,००० रुपये. शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९६,००० आहे. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या, तिघींचीही मुलं यात बसतात. घटस्फोटाच्या निकालाची वाट बघत बसू नका.