फरार मावसभावाला घरी ठेवलं, पैसे दिले : गुन्हा होतो का?

ताई, तुमचा मावसभाऊ हाड मोडेपर्यंत मारहाणीच्या केसमध्ये पोलिसांना हवा आहे. तो नाशिकच्या सिडकोत तुमच्याकडे दोन रात्री राहिला, थोडे पैसे घेतले आणि तुमच्या मिस्टरांनी त्याला नाशिकरोड स्टेशनला सोडलं. तर हो, गुन्हा होऊ शकतो.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत 'आसरा' म्हणजे फक्त छप्पर नाही. जेवण, पैसे, कपडे, गाडीवरून सोडणं, सगळं त्यात येतं. (दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, ही आपली रीत इथे कामाची नाही!)

मात्र गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलम २४९ साठी त्याने गुन्हा केल्याचं तुम्हाला माहीत होतं, किंवा तसं वाटायला कारण होतं, आणि त्याला शिक्षेतून वाचवायचा हेतू होता, हे पोलिसांना सिद्ध करावं लागतं. सूट आहे ती फक्त गुन्हा करणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला. आई-बाप, भाऊ-बहीण कुणालाच नाही.

शिक्षा मूळ गुन्ह्यावर ठरते. हाड मोडणं ही गंभीर दुखापत, तिला कमाल ७ वर्षं, म्हणून आसरा देणाऱ्याला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे जास्तीत जास्त पावणेदोन वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच्या अटकेचा आदेश निघालेला असेल तर कलम २५३ लागू शकतं.

फोनमधले मेसेज डिलीट करू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. पोलिसांशी बोलण्याआधी वकील गाठा. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना तिथे वकील मोफत मिळतो.