बँकॉकमधली मतमोजणी मी उभं राहून पाहिली आहे. खोट तिथे नव्हती

तुमचा प्रश्न असा आहे: थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पाच वर्षांनी निवडणूक लावली आणि पुन्हा तेच जनरल पंतप्रधान झाले, म्हणजे मतमोजणीत घोळ केला असणार ना?

२४ मार्च २०१९ ला मी नोकरीनिमित्त बँकॉकमध्ये होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं आधी सांगतो. आमच्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘पा’ म्हणायचो, म्हणजे मावशी. त्यांनी पर्समध्ये उमेदवाराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी जपून ठेवली होती. कारण त्या वर्षी एकाच पक्षाच्या उमेदवाराला प्रत्येक मतदारसंघात वेगळा क्रमांक होता. त्यांच्या बहिणीचा मतदारसंघ शेजारचाच, पक्ष तोच, क्रमांक मात्र दुसरा.

पाचला मतदान संपलं आणि मी पांबरोबर केंद्रावर गेलो. रस्त्याकडेला मांडव, भोवती दोरी, दोरीबाहेर वीस-पंचवीस माणसं. मोजणी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत. एक कर्मचारी मतपत्रिका उलगडून डोक्यावर धरायचा, क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसरा फळ्यावरच्या कागदावर रेघ ओढायचा. चार रेघा आणि पाचवी त्यांना छेदून, आपण इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब ठेवतो तशी. रेघ चुकीच्या रकान्यात पडली की बाहेरची माणसं लगेच ओरडायची, आणि ती दुरुस्त व्हायची. शेवटची मतपत्रिका होईपर्यंत पा हलल्या नाहीत.

देशभर सगळं निर्मळ झालं, असं माझं म्हणणं नाही. न्यूझीलंडहून आलेल्या सुमारे १,५०० मतपत्रिका उशिरा पोचल्या म्हणून मोजल्याच नाहीत, आणि पूर्ण निकालासाठी मे उजाडला. पण सत्ता कुणाची हे ठरलं होतं त्याच्या कितीतरी आधी, कागदावर.

प्रयुत चान-ओचा यांनी २२ मे २०१४ ला सत्ता हातात घेतली. नंतर नवी राज्यघटना लिहवून घेतली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ती सार्वमताला टाकली. विरोधात प्रचार करणाऱ्यांना अटक होत होती. तिच्यात एक तात्पुरतं कलम होतं: पहिली पाच वर्षं पंतप्रधान दोन्ही सभागृहांनी मिळून निवडायचा. लोकांनी निवडलेले खासदार ५००, सिनेटर २५०. हे सिनेटर शेवटी ठरवणार लष्करी राजवटच, आणि त्यातल्या सहा जागा तिन्ही दलांचे प्रमुख, पोलीसप्रमुख अशा पदांना बांधलेल्या.

आता बेरीज करून बघा. ७५० मध्ये बहुमत ३७६ चं. प्रयुत यांच्या गाठीला २५० आधीच, म्हणजे त्यांना १२६ खासदार पुरे. समोरच्यांना मात्र ३७६ खासदार हवेत, म्हणजे चारांतले तीन निवडून आणायचे. एवढं दिसत असताना मधले पक्ष कुणाकडे वळतील?

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की प्रयुत यांना खरे मतदार होते. त्यांना पुढे करणाऱ्या पलांग प्रचारथ पक्षाला सर्वांत जास्त, सुमारे ८४ लाख मतं पडली. पण समोरच्या फ्यू थाई पक्षाने मतदारसंघांच्या ३५० पैकी २५० जागाच लढवल्या होत्या. बऱ्याच उरलेल्या जागांवर त्यांचा मित्रपक्ष होता, आणि तो न्यायालयाने ७ मार्चला, मतदानाला जेमतेम अडीच आठवडे असताना, विसर्जित केला. तरीही फ्यू थाईला सर्वाधिक १३६ जागा मिळाल्या. मग यादीच्या, म्हणजे पक्षांना मिळालेल्या मतांवरून द्यायच्या, उरलेल्या १५० जागा वाटण्याचं सूत्र आलं. एका जागेमागे सुमारे ७१,००० मतं धरली होती, पण त्याहून कितीतरी कमी मतं मिळवलेल्या अकरा चिमुकल्या पक्षांना एकेक खासदार मिळाला. त्यातले बहुतेक प्रयुत यांच्या बाजूला गेले. फ्यू थाईला यादीतून एकही जागा नाही.

५ जूनला पंतप्रधान निवडायला संसदेत मतदान झालं. प्रयुत ५००, विरोधकांचे उमेदवार थानाथोर्न २४४. त्या पाचशेत सिनेटर २४९. उरलेले एक म्हणजे सिनेटचे अध्यक्ष, ते तटस्थ राहिले. अडीचशे माणसांमध्ये एकाचंही मत वेगळं पडू नये, याचा मला आजही संताप येतो. मांडवाबाहेर उभी राहिलेली वीस-पंचवीस माणसं मला आठवतात.

‘मग मत देऊन उपयोग काय’ असंही तुम्ही विचारलंय. १४ मे २०२३ ला त्याच लोकांनी मूव्ह फॉरवर्ड या पक्षाला सर्वाधिक १५१ जागा दिल्या. मी तेव्हा पुण्यात परतलो होतो. पांनी मला फळ्याचा फोटो पाठवला, एका रकान्यात रेघांना जागा पुरली नव्हती. जुलैत त्या पक्षाच्या पिता लिमजारोएनरात यांना संसदेत ३२४ मतं पडली, सिनेटर त्यात फक्त १३. पंतप्रधानपद हुकलं. मे २०२४ मध्ये त्या सिनेटची मुदत आणि पंतप्रधान निवडण्याचा अधिकार, दोन्ही संपले. १६ ऑगस्टला पंतप्रधान एकट्या खालच्या सभागृहाने निवडला. मूव्ह फॉरवर्ड मात्र तेव्हा तिथे नव्हता. न्यायालयाने तो नऊच दिवस आधी विसर्जित केला होता.