प्लेटलेट्स नॉर्मल असूनही मायलोमाच्या रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त का येतं?

तुम्ही चोपड्याहून विचारलंत की वडिलांना मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) आहे, हा त्रास त्यामुळेच असेल का. हो, प्लेटलेट्स १.८ लाख, म्हणजे नॉर्मल असल्या तरी तुमच्या वडिलांच्या हिरड्यांतलं रक्त आणि अंगावरचे काळेनिळे डाग मायलोमामुळे असू शकतात. या आजारात रक्तात वाढणारं एम-प्रोटीन (मायलोमाच्या पेशी बनवतात ते असामान्य प्रथिन) प्लेटलेट्सना नीट चिकटू देत नाही, कधी फॉन विलेब्रँड फॅक्टर (प्लेटलेट्सना चिकटायला मदत करणारं प्रथिन) कमी करतं. सोबत अमायलॉइडोसिस (अवयवांत असामान्य प्रथिन साचणं) असेल तर रक्त गोठवणारा फॅक्टर १० सुद्धा घटू शकतो. हे जन्मजात नसतं, त्यामुळे घरात कुणालाच असा त्रास नाही म्हणून निश्चिंत राहू नका. मी जळगावात लॅबमध्ये रक्त गोठण्याच्याच तपासण्या करते. सीबीसीत (रक्तातल्या पेशींच्या नेहमीच्या मोजणीत) यातलं काहीच दिसत नाही. डॉक्टरांना पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या तपासण्या) आणि फॉन विलेब्रँडची तपासणी विचारा; एपीटीटी नॉर्मल आला तरी ही शेवटची टाळू नका. आणि कळकळीने सांगते, चोपड्याहून एसटीने सॅम्पल पाठवू नका. निळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त एपीटीटीसाठी साधारण ४ तासांत तपासावं लागतं, उन्हाळ्यात तर वाटेतच खराब होतं. वडिलांनाच जळगावला आणा, रक्त तिथेच द्या. मात्र लेनालिडोमाइड (मायलोमाचं औषध) चालू असेल तर सोबत बहुतेकदा ॲस्पिरिन दिलेली असते, रक्त त्यामुळेही येऊ शकतं. ती स्वतःहून बंद करू नका, शिरेत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून असते, डॉक्टरांनाच विचारा. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक मात्र देऊ नका. शौच काळी झाली किंवा अचानक डोकं जोरात दुखलं तर लगेच दवाखाना गाठा.