चेहरा खडूसारखा का दिसतो?

प्रश्न : आजोबांना समोर बसवून तैलरंगात त्यांचं व्यक्तिचित्र करतोय. चेहरा खडूसारखा पांढरट दिसतो. काळा कोट रंगवताना तुकतुकीत होता, वाळल्यावर राखाडी पडला. व्हार्निश मारलं तर उठाव येईल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : व्हार्निशची बाटली आधी कपाटात ठेवा. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. अळशीचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. हाताला कोरडं लागलं तरी आत ते काम चालूच असतं. चित्र पुरं झाल्यावर सहा महिने तरी थांबा.

कोटातलं तेल खालच्या थराने पिऊन घेतलंय. वरच्या थरात टर्पेंटाइन जास्त झालं की हे हमखास होतं. कोट नीट वाळला की अळशीच्या तेलाचे दोन थेंब सुती कापडाने त्यावर चोळा आणि जादाचं पुसून घ्या, काळा पुन्हा जागा होईल. ते कापड चुरगळून कोपऱ्यात मात्र टाकू नका. तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी लगेच पाण्यात बुडवते.

आता चेहरा. माझ्या आत्याचं व्यक्तिचित्र करताना मीही इथेच अडले होते. गाल उजळत नाही म्हणून पांढरा घालत गेले आणि आत्या आजारी दिसायला लागली. टायटॅनियम व्हाइट फार जोरकस असतो, कातडीची ऊब खाऊन टाकतो. शेवटी चेहरा खरवडला, पातळ बर्न्ट अंबरने, म्हणजे गडद तपकिरी रंगाने, नुसत्या छाया मांडल्या आणि त्या पटेपर्यंत पांढरी ट्यूब उघडली नाही. नंतरही उजेडासाठी आधी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित लाल घेतला, पांढरा बेतानेच.

आजोबांच्या कपाळाशेजारी कोरा कागद धरा आणि डोळे किलकिले करून बघा. कपाळ केवढं गडद आहे ते पाहून चकित व्हाल. जबड्याखालची हिरवट करडी छटाही तेव्हाच दिसेल.

पणजी तुम्हाला जवळ आहे. तिथल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. गोव्यात जन्मलेला, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस. एकेका चेहऱ्यापुढे उभं राहून सगळ्यात उजळ जागा कुठे आणि केवढी आहे, तेवढंच शोधा.

आणि आजोबांना दर वीस मिनिटांनी उठवून चालू द्या. माणूस थकला की गाल उतरतात, आणि आपण ते उतरलेले गालच रंगवत बसतो.