आधी टीव्हीची लुडबुड थांबव, मग गेमला खरा आकडा सांग

तुझं म्हणणं असं, की डिस्प्लेएचडीआर 400 चा (एचडीआर दर्जाच्या प्रमाणपत्राचा) शिक्का असलेल्या मॉनिटरवर एचडीआर, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार एकत्र दाखवायची पद्धत, चालू केला की सगळं धुरकट होतं, आणि तोच पीसी हॉलमधल्या ओएलईडी टीव्हीला जोडला की आकाश पांढरंफटक पडतं. पीसी एक, गेम एक, मग दोन तऱ्हा कशा?

मॉनिटरचं लवकर आटोपतो. त्या 400 च्या शिक्क्याला लोकल डिमिंगची, म्हणजे पडद्यामागचा उजेड भागाभागाने कमीजास्त करायची, अट नाही. बहुतेक अशा पॅनलच्या मागचा बॅकलाइट सगळा एकदमच कमीजास्त होतो, त्यामुळे कोपऱ्यातला एक दिवा उजळायचा तर पूर्ण पडदा उजळतो आणि काळ्याचा राखाडी होतो. सेटिंग बदलून हे जाणार नाही. त्यावर एसडीआरमध्येच, म्हणजे एचडीआर बंद ठेवून साध्या चित्रात, खेळ, चित्र जास्त चांगलं दिसेल. पुढे नवा घेशील तेव्हा इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात ‘एचडीआर सपोर्ट आहे का’ एवढंच विचारू नकोस, नुसता सिग्नल घेता आला तरी त्याला सपोर्टच म्हणतात. मिनी-एलईडी (मागे बारीक दिव्यांचा बॅकलाइट) असेल तर डिमिंगचे झोन किती ते विचार. ‘ट्रू ब्लॅक 400’ हा शिक्का मात्र निराळा, तो ओएलईडीसारख्या खऱ्या काळ्या पॅनलचा असतो.

आता टीव्ही. खरी गंमत इथे आहे.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) बघायला उभा राहतोस तेव्हा बल्बांची माळ लखलखत असते, तिच्याखालच्या मूर्तीचे रंग नीट दिसतात आणि मागचा सज्जा अंधारातच असतो. तिन्ही एकाच नजरेत. एचडीआरने पडद्यावर हेच करायचं असतं. त्यासाठी एचडीआर10 या नेहमीच्या एचडीआर प्रकाराच्या सिग्नलमध्ये उजेडाचे थेट आकडे जातात, 10,000 निट्सपर्यंत (निट हे उजेडाचं माप). घरातले बहुतेक टीव्ही तिथवर पोचत नाहीत, म्हणून वरचा उजेड कुणीतरी दाबून बसवावा लागतो. यालाच टोन मॅपिंग म्हणतात. गेम ते करतो, आणि टीव्हीही आपल्या मनाने पुन्हा करतो. तुझं आकाश बहुधा या दुहेरी कामातच फाटतंय.

म्हणून टीव्हीवर गेम मोड लाव आणि एचडीआर टोन मॅपिंगमध्ये ‘एचजीआयजी’ (टोन मॅपिंग गेमवर सोडणारा) हा पर्याय असेल तर तो निवड. नसेल तर डायनॅमिक टोन मॅपिंग, म्हणजे टीव्हीने दृश्यागणिक केलेली दाबादाबी, निदान बंद कर. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि वीजबचतीचे मोडही बंद. सावल्या अगदीच काळ्याकुट्ट होत असतील तर ग्राफिक्स कार्डाची आउटपुट रेंज आणि टीव्हीची ब्लॅक लेव्हल जुळते का ते पाहा. एकीकडे फुल आणि दुसरीकडे लिमिटेड झालं की सावल्या तरी बुडतात, नाहीतर काळं तरी फिकं पडतं.

हे झाल्यावरच मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन’ हे फुकट ॲप घे. क्रम उलटा करू नकोस. ॲप तीन नक्ष्या दाखवतं: सर्वात कमी उजेड, सर्वात जास्त उजेड आणि पूर्ण पडद्याचा जास्तीत जास्त उजेड. नक्षी नुकती दिसेनाशी होईल तिथे थांबायचं. टीव्ही मध्ये लुडबुड करत असेल तर 800 निट्सच्या पॅनलवरही नक्षी हजारोंच्या पुढे दिसत राहते. मग विंडोजला तोच खोटा आकडा कळतो आणि त्यावर भरवसा ठेवणारे गेम चुकतात. पूर्ण पडद्याचा आकडा ओएलईडीवर बराच कमी येईल. घाबरू नकोस, मोठा पांढरा भाग आला की ती पॅनल उजेड आवरतेच.

मग गेममधले स्लायडर. पीक ब्राइटनेसला ॲपमध्ये आलेला सर्वात जास्त उजेडाचा आकडा दे. पेपर व्हाइटला, म्हणजे साध्या पांढऱ्या रंगाच्या उजेडाला, साधारण 200 निट्स. प्रसारणातल्या बीटी.2408 या मार्गदर्शिकेतही संदर्भ पांढरा 203 आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करणं योग्य. लोक चुकतात ते इथेच. चित्र मंद वाटलं की पेपर व्हाइट 400 वर नेतात. पीक 800 असेल तर 200 च्या वर उजेड दोनदा दुप्पट व्हायला जागा असते, 400 केलं की एकदाच. स्फोट, सूर्य, पाण्यावरची चमक सगळं सपाट होतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हॉल उजेडाने भरलेला असतो, तेव्हा आधी पडदे ओढ. तेवढ्याने भागलं नाही तर 250 पर्यंत जा, आणि रात्री परत खाली आण.

काही गेमचं एचडीआर मुळातच कच्चं असतं. सायबरपंक 2077 मध्ये काळं पुरेसं काळं होत नाही, ही जुनी तक्रार आहे. अशा गेमसाठी गेमचं चित्र बाहेरून सुधारणारे रेनोडीएक्सचे मॉड किंवा रीशेड कामी येतात. पण अँटी-चीट असलेल्या ऑनलाइन गेममध्ये असलं काही टाकू नकोस, खातं बंद होऊ शकतं.

एचडीआर नसलेल्या जुन्या गेमसाठी, साध्या चित्राचं आपोआप एचडीआर करणारा विंडोज 11 चा ऑटो एचडीआर आहे, तो डायरेक्टएक्स 11 आणि 12 च्या गेमवर चालतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड असेल तर तेच काम करणारा आरटीएक्स एचडीआरही आहे. मला त्याच्या सावल्या जास्त आवडतात, मात्र थोडे फ्रेम जातात. दोघांपैकी एकच चालू ठेव. गेमचं स्वतःचं एचडीआर चांगलं असेल तर दोन्ही बंद.

आणि हो, एचडीआर चालू असताना डेस्कटॉप फिका दिसतो त्यात तुझा दोष नाही. विंडोज साधं चित्र एसआरजीबीच्या वक्राने (अंधारातून उजेडाकडे जायच्या ठरीव हिशेबाने) दाखवतं, आपले पडदे बहुतेक 2.2 गॅमा या दुसऱ्या वक्रावर बेतलेले, म्हणून सावल्या उचललेल्या वाटतात. खेळायच्या वेळी विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकत्र दाबून एचडीआर चालू कर, उठताना तशीच बंद कर.

एवढं करूनही आकाश फाटलं तर टीव्हीचं मॉडेल, ॲपमध्ये आलेले तिन्ही आकडे आणि गेमचं नाव लिही. मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नकोस, कॅमेरा स्वतःच उजेड कमीजास्त करतो आणि त्यावरून काही ठरवता येत नाही.