अंगणवाडीत लेक तोंडच उघडत नाही

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. यजमानांच्या कामामुळं मे महिन्यात बैलहोंगलला राहायला आलो. मुलगा चार वर्षांचा, जूनपासून अंगणवाडीत जातो. तिथं सगळं कन्नड, आमच्या घरी मराठी. घरी दिवसभर बडबडणारं पोर तिथं गप्प बसतं, जेवत नाही, दोनदा चड्डीत शू झाली. टीचर म्हणतात हट्टी आहे. शेजारणी म्हणतात, घरात मराठी बंद करा. माझं कन्नड मोडकंतोडकं, त्यामुळं टीचरशी बोलायचा धीर होत नाही. घरी मात्र डबा वाजवत काहीतरी कन्नड पुटपुटत असतो. काय करू?
– एक आई, बैलहोंगल

उत्तर : डबा वाजवत पुटपुटतो, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. म्हणजे तिथं बसून तो सगळं कानात साठवतोय. नव्या भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहतं. त्याला हट्ट म्हणू नये. पण टीचरना हे कळणार कसं? डबा वाजवणारा मुलगा त्यांनी पाहिलेलाच नाही. तो तुम्ही त्यांना सांगायचा आहे.

मी खानापूरला एकतीस वर्षं बालवाडी चालवली. एका वर्षी कन्नड घरातली एक मुलगी आली. जेवणाच्या वेळी पातेल्याचं झाकण काढलं की रडायची. मी भात मऊ केला, गूळ दिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी तिची आई बाजाराच्या दिवशी भेटली. म्हणाली, ती घरी आजोबांच्या शेजारी बसूनच जेवते, एकटीच्या पुढं ताट ठेवलं की घाबरते. दुसऱ्या दिवशी मी माझा डबा घेऊन तिच्याजवळ बसले. तिनं खाल्लं. दोन महिने मला जे उमगलं नव्हतं, ते त्या आईनं दोन वाक्यांत सांगितलं. तुमचा लेक घरी कुणाजवळ, कसा, काय जेवतो, ते टीचरना सांगाच.

शूचं तर लगेच सुटेल. आपल्याकडं मुलं 'एकी' म्हणतात, तिथं 'ओंदक्के' म्हणतात. करंगळी मात्र दोन्हीकडं तीच. त्याला करंगळी वर करायला शिकवा आणि टीचरना सांगून ठेवा. शिवाय चार शब्द पुरेत : पाण्याला 'नीरु', जेवणाला 'ऊटा', पुरे म्हणायला 'साकु' आणि तो 'ओंदक्के'. भातुकलीत हे शब्द येऊ द्यात. 'म्हणून दाखव बघू' असं पाहुण्यांपुढं कधीही करू नका.

घरातली मराठी बंद करू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. मोडक्या कन्नडात तुम्ही त्याला गोष्ट कशी सांगणार, आणि रुसला तर समजूत कशी घालणार? ज्या भाषेत त्याचं मन मोकळं होतं, तिच्याच आधारानं तो दुसरी शिकेल. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. घर आणि शाळा इतकी जवळ असावीत, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता बोलायचं कसं. सकाळी पोर पदराला लोंबकळत असताना नको. सुटताना थांबा. टीचरच्या मागं वजनं, रजिस्टरं, दूध-अंड्यांचा हिशेब, घरोघरची पाहणी असं बरंच असतं. दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. तक्रारीनं सुरुवात करू नका. 'अक्का, घरी तो तुमचं गाणं म्हणतो' इथून सुरू करा, चेहरा कसा खुलतो बघा. कन्नड अडलं तर शेजारणीला न्या, लेकाला मधला दुभाषी करू नका. आणि एकदा यजमानांना पाठवा. कामावर त्यांचं रोजचं कन्नड चालतंच, मग हे आईचंच काम कसं? घरी टीचरबद्दल त्याच्या कानावर वाकडा शब्द पडू देऊ नका.

दिवाळीनंतरही तो मानसुद्धा हलवत नसेल, घरचं बोलणंही कमी झालं असेल किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र थांबू नका. मुलांच्या तपासणीसाठी सरकारी आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. टीचरना सांगून त्याचं नाव आधीच घालून ठेवा आणि कान तपासून घ्या.

बाकीचं सवडीनं करा, करंगळीचं मात्र उद्याच सांगा.