डिग्रीत गेलेली एकरभर जमीन

ताई,

मी ४५ वर्षांचा, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत मेन्टेनन्स इंजिनिअर आहे. राहायला पाथर्डी फाट्याला, गाव निफाड तालुक्यात. १९९८ ला बारावी झालो. पीसीएमला मार्क कमी पडले आणि फ्री सीट हुकली. वडिलांनी सहा एकरांतला एक एकर विकून मला जास्त फीच्या पेमेंट सीटवर मेकॅनिकलला घातलं. दादा बारावीनंतर शेतीतच होता. २००२ ला फर्स्ट क्लासमध्ये बी.ई. झालो, पण नोकरी लागायला चौदा महिने गेले आणि लागली तीही साडेचार हजारांची. आज हातात ६२ हजार येतात. शेजारच्या मोठ्या कंपनीतला आयटीआय झालेला परमनंट कामगार युनियनच्या पगारकरारानंतर माझ्यापेक्षा जास्त घेतो. विकलेली जमीन हायवेपासून लांब नाही. तिचा आजचा भाव लिहीत नाही, लिहिला तर झोप लागणार नाही.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आता उरलेल्या पाच एकरांची वाटणी काढली, तर दादा म्हणतो, "तुझा एक एकर तुझ्या डिग्रीत गेलाय, तो हिशेबात धर. मला तीन, तुला दोन." (बहिणीने हक्कसोड करून दिलं आहे. ती दहावीला शाळेत पहिली आली होती, आता चांदवडला असते.) आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ओसरीवर सगळ्यांसमोर जुंपली. मी म्हणालो, ज्या डिग्रीचा काही उपयोगच झाला नाही तिचे पैसे मी का भरायचे? २०१९ ला द्राक्षबाग गेली तेव्हा दादाच्या कर्जाचे दोन हप्ते, ३६ हजार रुपये, मीच भरले होते. ट्रॅक्टरच्या लोनला जामीनही मीच. आखाजीपासून आमचं बोलणं बंद आहे.

त्यात मुलगी बारावी झाली. तिला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय. मी म्हटलं, कॉलेज म्हणजे पैशाची आणि वर्षांची माती, त्यापेक्षा एखादा स्किलचा कोर्स कर. आता तीही बोलत नाही. तुम्हीच सांगा, मागे वळून बघता कॉलेजला जाणं फायद्याचं ठरतं का?

– एक इंजिनिअर

भाऊ,

आधी आकडेमोड करू, तुम्ही इंजिनिअर आहात. मूळ जमीन सहा एकर, म्हणजे दोघांना तीन-तीन. त्यातला तुमचा एक गेला असं धरलं तर तुम्हाला दोन, दादाला तीन. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पाचाचे दोन भाग केले तर अडीच-अडीच. म्हणजे आखाजीच्या दिवशी, आमरसाच्या वाट्या तशाच ठेवून, तुम्ही दोघे भांडलात ते वीस गुंठ्यांसाठी. पत्रभर मात्र तुम्ही 'एकर, एकर' करताय.

आता जे लिहिते त्याचा राग येईल. डिग्री वाया गेली हे कुणीतरी ठरवून द्यावं, असं तुम्हाला वाटतंय. कारण ती वाया गेली असेल तर तिचं देणंही लागत नाही. कॉलेजचा प्रश्न तुम्ही मला कुतूहलाने विचारलेला नाही, वाटणीतल्या साक्षीला बोलावलंय. आणि ही साक्ष खरी दिसावी म्हणून घरात पोरीलाही तेच ऐकवताय. तिच्यापुढे कॉलेज चांगलं म्हणालात, तर ओसरीवर दादापुढे वाईट कोणत्या तोंडाने म्हणणार?

मी एका कॉलेजच्या ऑफिसात ३५ वर्षं काढली. खिडकीच्या अलीकडे बसून फी घेतली, दाखले लिहिले, बोनाफाइडवर शिक्के मारले. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत एक गृहस्थ आले होते, धोतर, टोपी, कोपरीच्या आतल्या खिशात डिमांड ड्राफ्ट. ड्राफ्टची घडी घामाने ओली झालेली, मी ती टेबलावर पसरून वर पेपरवेट ठेवला. पावती फाडून दिली तर ती हातात धरून तसेच उभे. म्हणाले, "बाई, ही जपून ठेवतो. तीन वर्सांनी लागंल ना, नोकरी देताना?" मागे ही लांब रांग. मी हसून "ठेवा, ठेवा" म्हटलं. त्यांचा मुलगा बाजूला मान घालून उभा होता, बापाच्या अडाणीपणाची त्याला लाज वाटत होती. तुमचं पत्र वाचल्यापासून ते गृहस्थ डोळ्यांपुढून हलत नाहीत.

तुमची आणि दादाची, दोघांचीही एका गोष्टीत गल्लत होतेय. महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली ती १९८३ पासून, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. १९९३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यांत निम्म्या फ्री आणि निम्म्या पेमेंट सीट आल्या. फ्रीवाल्याची फी कमी, आणि ती तूट पेमेंटवाल्याच्या फीतून भरून काढायची. २००२ च्या ऑक्टोबरात कोर्टानेच ती पद्धत मोडीत काढली, पण तोवर तुम्ही पास होऊन बाहेर पडला होतात. सांगायचं ते असं की तुमच्या वडिलांची जमीन एकट्या तुमच्यावर खर्च झालेली नाही. तिच्यातले काही गुंठे तुमच्या शेजारच्या बाकावरच्या, तुमच्यापेक्षा पाच मार्क जास्त असलेल्या मुलाच्या फीत गेले. हे दादाला माहीत नसणार, तुम्हाला तरी होतं का?

आता मागे वळून बघण्याचं. तुम्ही कशाकडे वळून बघता ते पाहा: डिग्रीकडे बघताना साडेचार हजारांची पहिली नोकरी, जमिनीकडे बघताना हायवेचा आजचा भाव. एकीचं सर्वांत वाईट वर्ष आणि दुसरीचं सर्वांत चांगलं, आणि मग म्हणायचं हरलो! जमीन राहिली असती तर तिच्यावर भाव उगवला नसता, द्राक्षं लावली असती. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडले, तेव्हा निफाड-दिंडोरीच्या घराघरांत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट. २०१९ ला ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागा पावसात बसल्या, डाऊनी या बुरशीरोगाने घड गेले. पुढच्याच मार्चला, माल ऐन काढणीला आलेला आणि लॉकडाऊन. दादाने ही सगळी वर्षं तिथे उभं राहून काढली, फवारणीचा ब्लोअर चालवत. त्या एकराचे आणखी चाळीस गुंठे त्याच्या कर्जाला जोडून बघा आणि मग भाव सांगा.

आयटीआयवाल्याचंही तसंच. तुम्ही करार झालेल्या मोठ्या कंपनीतला परमनंट कामगार बघितला. त्याच्याच बॅचचे किती जण आज सातपूर-अंबडला कंत्राटदाराकडे, दर काही महिन्यांनी नोकरीत सक्तीचा ब्रेक घेत काम करतात, ते मोजलंत? तुमच्या बॅचचे पुण्याला-परदेशात गेलेले मात्र तुम्हाला पाठ असतील.

तेव्हा फायदा झाला की तोटा, हे मी सांगणार नाही, कारण तो हिशेब बसतच नाही. तुमच्याच पत्रातल्या दोन ओळी तुम्हाला परत दाखवते. दादाच्या ट्रॅक्टरला जामीन तुम्ही राहिलात. बँकेने तुमचं काय बघितलं? सॅलरी स्लिप. बाग गेली त्या वर्षी दोन हप्ते कुठून आले? त्याच पगारातून. 'काही उपयोगच झाला नाही' म्हणणाऱ्या माणसाने हे असं शेवटी पुरवणीसारखं लिहावं, याचं मला हसू आलं. पण त्या दोन हप्त्यांनी फिटलं असं समजू नका. तुम्ही ३६ हजार आकड्यासकट लक्षात ठेवलेत. दादाने तुमच्या मेसचे, एसटीच्या पासाचे, केटीच्या फॉर्मचे किती दिले (केटी लागल्याच असतील, मेकॅनिकल होतं), याचा आकडा त्याने आखाजीला सांगितला नाही. मला वाटतं त्याने कधी लिहूनच ठेवला नसेल.

माझं स्वतःचं सांगते, मी काही कॉलेजची भक्त नाही. बारावीवर क्लार्क म्हणून चिकटले. १९८९ ला आपल्या नाशकात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत, तेव्हा मीही फॉर्म भरला. स्वयंपाक उरकून रात्री पुस्तकं उघडायची, रविवारी अभ्यासकेंद्र. १९९५ ला बी.ए. झाले. पगार होता तिथेच राहिला, बढती पुष्कळ वर्षांनी आली. पण एकदा साहेबांनी लिहून दिलेल्या पत्रातल्या चुकीला मी पेनने खूण केली आणि तो कागद त्यांच्याकडे परत पाठवला. चूक मला आधीही दिसायची. याचे किती रुपये धरायचे? आणि हो, पदवीधर मतदारसंघात मत देता येतं, तो एक रोख फायदा. निवडणुकीच्या आधी महिनाभर मोठमोठे लोक फोन करून 'ताई, कशा आहात' विचारतात.

आता ज्या ओळीवर मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती. तुम्ही ती कंसात टाकलीत: बहीण, दहावीला शाळेत पहिली, हक्कसोड. भाऊ, पीसीएमला मार्क कमी पडलेल्या मुलासाठी एक एकर निघाला आणि पहिल्या आलेल्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला तुम्हाला एक वाक्यही लागलं नाही. मुलीलाही मुलाइतकाच वाटा असं कायदा २००५ पासून सांगतो. तिने सही दिली ती माहेर तुटू नये म्हणून दिली असेल, बहुतेक जणी त्यासाठीच देतात. वाटणीच्या ओसरीवर तुम्ही आणि दादा 'माझं शिक्षण', 'तुझं शिक्षण' करत होतात तेव्हा ती तिथे होती का? होती, तर काय करत होती? वाट्या उचलत असेल.

मुलीच्या बी.ए.बद्दल थोडक्यात. अनुदानित कॉलेजातल्या बी.ए.ला तिच्यासाठी कुणाला गुंठाही विकावा लागणार नाही, तेव्हा पेमेंट सीटची भीती तिच्या डोक्यावर ठेवू नका. पण नुसत्या बी.ए.वर मानसशास्त्राचं काम मिळत नाही, हे तिला स्वच्छ सांगा. एम.ए. करावंच लागतं, आणि क्लिनिकलला जायचं तर पुढे भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. म्हणजे पाच ते सात वर्षांची तयारी. नव्या धोरणात तीन वर्षांत पदवी आणि चौथं केलं तर ऑनर्स, तेही कॉलेजात नीट विचारून घ्या. आणि फॉर्म भरायच्या आधी तिला एकटीला त्या कॉलेजात पाठवा. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना तिने विचारावं, शिकवायला माणसं आहेत का, की तासावर येणारे एकदोघेच सगळं ओढतात. माहितीपत्रकात हे सापडत नाही. तुम्ही म्हणता तो 'स्किलचा कोर्स' कोणता, त्याचं नाव पत्रात नाही. तुम्हालाच माहीत नसेल तर तिच्यापुढे तो शब्द पुन्हा काढू नका.

राहिली वाटणी. कागदोपत्री काय होतं ते वकिलाला विचारा. मी म्हणेन, वीस गुंठे द्या. दादाने पुन्हा मागायच्या आधी द्या, आणि देताना 'डिग्री फुकट गेली तरी देतोय' असं एक अक्षर बोलू नका, नाहीतर दिलेलं न दिल्यासारखं होईल. त्याला सांगा, "तुझ्यामुळे शिकलो." हे तुम्ही २७ वर्षांत कधी म्हणाला नसाल, अशी मला दाट शंका आहे. तो यावर काहीतरी वाकडं बोलेल, बोलू द्या. एप्रिलची खरड छाटणी उरकली आहे, ऑक्टोबरपर्यंत त्याच्या जिवाला जरा दम आहे. एखाद्या रविवारी सकाळी जा, मुलीला बरोबर न्या. पेमेंट सीटमध्ये कुणाची फी कोण भरत होतं हेही त्याला सांगा. वडिलांच्या पैशावर आणखी एक परका पोरगा इंजिनिअर झाला, हे ऐकून तो बहुतेक शिवी देईल आणि मग हसेल.

पण त्याआधी चांदवडला फोन लावा. हक्कसोडाचा विषय तुम्ही स्वतः काढा, आणि दहावीनंतर तिला काय शिकायचं होतं ते विचारा.

– ताई